कौशल्याचा खेळ आणि पणाचा पैसा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खान्देशात दिवाळीच्या तोडीचा सण आहे. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. आणि ह्या सर्व मंगल प्रकारांच्या जोडीला गावोगावच्या पारांवर, ओसऱ्यांवर व मळ्यांत पत्त्यांचे डाव बसतात. एरवी ज्या घरात पत्त्यांस हात लावल्यास वडीलमंडळी रागावतात, त्या घरचे पुरुषही त्या दिवशी चार डाव खेळून येतात आणि त्यांस कोणी फारसे बोलत नाही. धरणगाव ह्यास अपवाद नाही. ह्याच दिवशी सालदाराचे साल संपते व त्याचा हिशेब होतो. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या मनुष्याच्या हाती जी काय एकरकमी रक्कम यावयाची ती ह्याच दिवशी, आणि डावही ह्याच दिवशी. हा योग ज्या कोणी जुळवून आणला असेल त्याच्या बुद्धीची तारीफच केली पाहिजे.

ह्या डावांत चालणारा झन्नामन्ना हा खेळ निव्वळ पान कसे पडते ह्यावर चालतो. त्यात बुद्धीचे काम नाही हे खेळणाराही कबूल करतो, आणि पोलिसांची धाड आली म्हणजे पळतो. आपण खेळत होतो तो जुगारच नव्हता असा वाद तो घालीत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र निराळ्या तऱ्हेचा खेळणारा आमच्या पाहण्यात आला. तो पारावर बसत नाही, घरातच असतो. हाती मोबाइल, त्यावर रमीचे डाव, अथवा क्रिकेटच्या सामन्यासाठी अकरा खेळाडूंचा कल्पित संघ निवडण्याची चढाओढ. प्रवेशाचे पैसे आधी भरावयाचे, जिंकल्यास बक्षीस. ह्यास जुगार म्हटले की तो दुखावतो. हा कौशल्याचा खेळ आहे, न्यायालयाने तसे ठरविले आहे, हे त्याचे उत्तर तयार असते. मौज अशी की ते उत्तर खोटे नाही.

२०२४ च्या हिवाळ्यात आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. कापूस विकून आलेली रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली होती. खाते वडिलांचे, परंतु ते ज्यातून चालावयाचे तो मोबाइल पदवीधर मुलाच्या हाती. तीन आठवड्यांत त्या रकमेचा बराच भाग रमीत गेला. किती गेला हे आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. त्यांचा प्रश्न निराळाच होता. "गुरुजी, हा कौशल्याचा खेळ असेल तर माझा मुलगा निर्बुद्ध ठरतो, आणि नशिबाचा असेल तर जुगारी ठरतो. घरात ह्यांपैकी काय सांगू? त्याच्या आईस दोन्ही शब्द सोसवणार नाहीत." त्या दिवशी आम्ही त्यांस एवढेच सांगितले की, मुलास आधी जेवावयास बसवा आणि खाते स्वतःच्या हाती घ्या. परंतु प्रश्न बिनतोड होता. त्याचा जो विचार पुढे आम्ही केला तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम कायद्याकडे पाहू. मुंबई इलाख्याचा जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळास तो लागू नाही असे त्याच्या तेराव्या कलमात म्हटले आहे, आणि तशीच सवलत १८६७ च्या सार्वजनिक जुगाराच्या कायद्यातही आहे. खेळणाऱ्यांची कल्पकता अशी की, पाऊस पडेल की नाही ह्यावर मुंबईत पैजा लागू लागल्या, आणि १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पावसावरील जुगाराचाही त्यात समावेश करावा लागला. ढग ओळखणे हे कौशल्य मानावयाचे तर आमच्याकडील प्रत्येक कापूसवाला शेतकरी त्यात प्रवीण म्हणावा लागेल. आणि मृगाने त्यास किती वेळा फसविले हे त्याच्या सावकाराच्या वहीत पाहावे!

पुढे १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते राखावे व कोणते टाकावे ह्याचा विचार करावा लागतो, म्हणून तो तीन पत्त्यांच्या खेळाप्रमाणे केवळ दैवाधीन नव्हे, अशी त्या निकालाची विचारसरणी आहे. १९९६ मध्ये मद्रासच्या प्रकरणात घोड्यांच्या शर्यतीसही हाच न्याय मिळाला. २०१९ मध्ये आमच्या मुंबई उच्च न्यायालयाने मोबाइलवरील क्रिकेटच्या कल्पित संघांचा खेळ जुगार नव्हे असे म्हटले. एवढे सर्व खेळणाऱ्या तरुणांस पाठ असते. परंतु १९६८ च्या त्याच निकालात थोडे पुढे जे आहे ते पाठ असलेला एकही आम्हांस भेटला नाही. तेथे असे म्हटले आहे की, ज्याच्या घरात अथवा क्लबात खेळ चालतो तो मालक पणाच्या खेळातून स्वतः नफा काढीत असेल, तर खेळ रमीचा असला तरी गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे कौशल्याची चौकशी करून झाल्यावर न्यायालयाने घरधन्याकडेही बोट दाखविले होते. जाहिराती काढणाऱ्यांनी पहिला अर्धा भाग तेवढा उचलला.

ह्याहून जुने व मराठी वाचकास अधिक जवळचे प्रकरण शब्दकोड्यांचे आहे. आज शब्दकोडे हा दुपारच्या चहाबरोबरचा निरुपद्रवी विरंगुळा समजला जातो. १९४० च्या सुमारास तसे नव्हते. नियतकालिकांतून प्रवेशशुल्क घेऊन मोठमोठ्या रोख बक्षिसांची कोडी चालत, आणि पोस्टाने पैसे धाडणाऱ्यांत शिकलेली पांढरपेशी घरेच पुष्कळ असत. कारण उघड आहे. पत्त्यांस हात न लावणाऱ्या गृहस्थास शब्दांचा खेळ खेळताना आपण विद्याव्यासंग करीत आहो असे वाटते.

त्यातील मेख मात्र पाहण्यासारखी आहे. समजा, 'कठीण समयी हीच माणसास तारते' असा संकेत दिला आहे, शेवटचे अक्षर 'क्ती' छापलेले आहे आणि पहिले भरावयाचे आहे. युक्ती, शक्ती, भक्ती, तिन्ही बसतात; आणि ज्यास भाषा अधिक येते त्यास अधिक संशय पडतो. बक्षीस त्यासच, ज्याचे उत्तर चालकाने आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल. असे दहा संकेत असले आणि प्रत्येकास दोनच पर्याय धरले तरी १०२४ निरनिराळी उत्तरे होतात. तीन पर्याय धरल्यास ५९,०४९. म्हणून माणूस एका प्रवेशपत्रावर थांबत नसे, दहा-वीस धाडी, आणि प्रत्येकाचे शुल्क निराळे. ह्यात भाषेचे कौशल्य नाही असे नाही. परंतु ते कौशल्य मनुष्यास दारापर्यंत आणून सोडते. आत शिरावयाचे ते अंधारातच.

मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटऱ्या व बक्षिसांच्या स्पर्धा ह्यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. प्रांताबाहेर छापलेल्या पत्रांतील स्पर्धा त्यातून सुटल्या होत्या. १९५२ मध्ये दुरुस्ती करून त्याही आत घेतल्या. बंगळूर येथून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' ह्या साप्ताहिकात चमारबागवाला ह्यांची शब्दकोडी चालत, आणि ती मुंबई राज्यातही खपत. त्यांनी कायद्यास आव्हान दिले. मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने झाला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधिरंजन दास ह्यांनी निकाल फिरविला. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगाराची. आणि जुगार हा मुळी व्यापारच नसल्यामुळे राज्यघटनेतील व्यापारस्वातंत्र्याचे कवच त्यास मिळावयाचे नाही, असा त्याचा सारांश. दरम्यान १९५५ मध्ये संसदेने निराळा कायदा करून अशा स्पर्धांत महिन्याच्या बक्षिसांची मर्यादा एक हजार रुपये व प्रवेशपत्रांची दोन हजार केली होती. हजार रुपयांत कोण रमणार? ते युग तेथेच संपत आले.

त्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी ऋग्वेद, महाभारत व स्मृती ह्यांचे दाखले दिले आहेत, हे वाचून आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या मनुष्यास समाधान वाटते. परंतु ते मूळ ग्रंथ उघडून पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि आमच्या मते आजच्या वादाची किल्ली तेथे आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात हरलेल्या द्यूतकाराच्या घराचे चित्र आहे. सासू द्वेष करते, पत्नी दूर सारते, आईबाप व भाऊ त्यास ओळखण्याचेही नाकारतात. शेवटी सवितादेव त्यास फासे सोडून शेत कसण्यास सांगतो. तो चांगला खेळत होता की वाईट, ह्याची चौकशी सूक्तात कोठे नाही. मनूने निर्जीव साधनांनी खेळतात ते द्यूत व सजीव प्राण्यांनी खेळतात तो समाह्वय, असे दोन प्रकार केले आणि दोन्ही राजाने बंद करावे म्हणून सांगितले. करमणुकीसाठीही नको, इतका तो कडक. (लोकांनी मात्र बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असे दुसरे नाव देऊन वर्षातून एक दिवस काढून घेतलाच.) याज्ञवल्क्य व कौटिल्य व्यवहारी. खेळ राजाच्या देखरेखीखाली एका ठिकाणी चालावा, इतरत्र खेळल्यास दंड, असे त्यांचे धोरण. कौटिल्याच्या द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावे असा नियम आहे.

आता समाह्वयात कोणाकोणाची गणना होते ते पाहा. मेंढे व रेडे तर आहेतच. परंतु याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्यांच्या पंक्तीस मल्लही बसविला आहे. मल्लविद्येइतके कौशल्याचे काम दुसरे कोणते असेल? तरीसुद्धा पण लावून कुस्ती झाली की ती शास्त्राने द्यूताच्या प्रकरणात घातली. नारदानेही 'पणक्रीडा' हाच शब्द योजिला आहे. आमच्या प्राचीनांनी कौशल्य आणि दैव ह्यांची टक्केवारी मोजली नाही. त्यांनी पण पाहिला. कौशल्याच्या तराजूने जुगार तोलण्याची रीत इंग्रजी कायद्याबरोबर आली, आणि दीडशे वर्षे आपण तीच चालविली.

हा कौशल्याचा युक्तिवादही काही नवा नाही. सभापर्वात द्यूतास बसण्यापूर्वी युधिष्ठिर शकुनीस म्हणतो की, कपटाने जिंकणे हे सज्जनाचे काम नव्हे. त्यावर शकुनी काय उत्तर देतो? वेद जाणणारा न जाणणाऱ्यावर, विद्वान अविद्वानावर मात करावयास जातो तोही वरचढपणाच्याच बळावर, आणि त्यास कोणी कपट म्हणत नाही. तशीच फाशांत निपुण असलेल्याची गोष्ट. मोबाइलवरील खेळ चालविणाऱ्यांच्या वकिलांनी हाच मुद्दा मांडला, फक्त शकुनीचे नाव घेतले नाही. शकुनीपुरते बोलावयाचे तर तो खराच कौशल्याचा खेळ होता. समोर बसलेल्या युधिष्ठिरास मात्र फासे टाकता येत नव्हते, म्हणून त्याच्यापुरता तोच खेळ जुगार झाला. एकाच पटावर एकाच वेळी दोन्ही. मग न्यायालयाने पारडे तोलावे ते कोणाच्या बाजूने बसून?

नलाचा दाखला कोणी उलट देईल. ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून नलाने गेलेले राज्य परत जिंकले हे खरे. पण ते जिंकल्यावर त्याने पुष्कराची मालमत्ता त्यास परत देऊन टाकली आणि डाव तेथे थांबविला. युधिष्ठिरासही वनवासात बृहदश्व ऋषींनी ती विद्या शिकविली. तिच्या बळावर राज्य परत मिळविण्याचा विचार त्याच्या मनास शिवला नाही, विराटाच्या सभेत कंक होऊन राजाची करमणूक करण्याकडे तिचा उपयोग त्याने केला.

आता थोडे गणित. दहा जण प्रत्येकी १०० रुपये घेऊन बसले, सर्व सारखेच कुशल आहेत, आणि खेळ चालविणारा प्रत्येक डावात लागलेल्या रकमेतून शेकडा दहा ठेवून घेतो असे धरा. पहिल्या डावानंतर हजाराचे ९०० राहतात, दुसऱ्यानंतर ८१०, तिसऱ्यानंतर ७२९. सारे पैसे असेच पुन्हा लागत गेले तर सात डावांनंतर सर्वांच्या खिशांत मिळून ४७८ रुपये उरतात; निम्म्याहून अधिक चालकाकडे गेले. पारावर सात डावांस दुपार जाते. मोबाइलवर ते अर्ध्या तासात होतात, रात्री दोन वाजताही होतात, आणि समोर कोण बसले आहे ते दिसत नाही. कौशल्याने एवढेच ठरते की उरलेले ४७८ कोणाच्या खिशात असावेत. गेलेले ५२२ कोणाच्याही कौशल्याने परत येत नाहीत. सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून ह्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ कर बसविला. कौटिल्याचा शेकडा पाचाचा अध्यक्ष त्यापुढे दयाळूच म्हणावयाचा.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडले. त्यांचा मुलगा निर्बुद्धही नव्हता आणि केवळ नशिबाने मारलेलाही नव्हता. जेथे प्रत्येक डावाला पाणी आटते अशा विहिरीवर तो मोट चालवीत होता. काही दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन हे गणित आम्ही त्याच्या आईसमोर पाटीवर मांडून दाखविले. मुलगा हिशेबात हुशार; तिसऱ्या ओळीस त्याने खडू आमच्या हातून घेतला आणि पुढील चार ओळी स्वतः लिहिल्या.

ह्यावर आक्षेप येईल की, मग प्रवेशशुल्क घेऊन बक्षीस देणारे सर्वच जुगारी काय? जत्रेतील कुस्ती, बुद्धिबळाची स्पर्धा, वक्तृत्वाची ढाल, शिष्यवृत्तीची परीक्षा, ही सर्व त्यात यावयाची काय? यावयाची नाहीत. जत्रेतील कुस्तीचे बक्षीस गावच्या वर्गणीतून येते, हरलेल्या मल्लाच्या कमरेचा कसा सोडून नव्हे. त्यास उलट वाटखर्ची देऊन लावतात. परीक्षेची फी कागदाची व तपासणाराची. शिष्यवृत्ती दुसऱ्या थैलीतून. बुद्धिबळाचे प्रकरण थोडे अवघड आहे, कारण तेथे पुष्कळदा शुल्कातूनच काही बक्षिसे दिली जातात. तरी तेथे एकदा शुल्क भरले की संपले. हरलेल्यास त्याच रात्री दुसरे शंभर, तिसरे शंभर लावण्याची सोय नसते, आणि तो जितका अधिक हरेल तितका चालकाचा लाभ वाढतो असेही होत नाही. आमच्या मते पाहावयाचे ते हेच: बक्षीस कोणाच्या पैशाचे, हरणाऱ्यास पुन्हा पुन्हा बोलावण्यात चालकाचा स्वार्थ आहे काय, आणि उठून जाण्यास खेळणाऱ्यास उसंत मिळते काय. कौशल्याचा प्रश्न ह्या सर्वांनंतरचा.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या कायद्याने जवळजवळ हीच वाट धरली आहे. पैसे भरून, पैसे मिळण्याच्या आशेने ऑनलाइन खेळावयाचा खेळ, मग तो कौशल्याचा असो, दैवाचा असो वा मिश्र असो, चालविण्यास त्याने बंदी केली. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्यास शिक्षा नाही, आणि ते आम्हांस योग्य वाटते. कायद्यास न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि आव्हान देणाऱ्यांचा मुख्य आधार पुन्हा कौशल्य हाच.

केवळ बंदीने खेळ थांबतो असे मात्र आम्ही समजत नाही. कापसाचाच दाखला घ्या. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या व मिटत्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा चाले. १९६१ मध्ये ते आकडे येण्याचे बंद झाले, तेव्हा लोकांनी मातीच्या मटक्यात चिठ्ठ्या घालून आकडे काढण्यास सुरुवात केली, आणि भाव जाणण्याचे जे काही कौशल्य त्यात होते तेही गळून पडले. राज्य सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली; तीत तर कौशल्याचा लवलेश नाही, तरी तिला कोणी जुगार म्हणून धाड घातली नाही. १९७६ मध्ये कॅसिनोंस परवानगी देणारा कायदाही महाराष्ट्राने करून ठेवला होता; तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

आमच्या ओळखीच्या एका मंडळाने दिवाळीत शब्दकोड्यांची स्पर्धा ठेवण्याचा विचार केला व शुल्काविषयी आमचे मत विचारले. आम्ही कळविले की, कागद व छपाई निघेल इतकेच शुल्क घ्या, एका मनुष्याचे एकच प्रवेशपत्र स्वीकारा, संकेत असे घाला की उत्तर एकच निघेल आणि ते कोशात दाखविता येईल, व बक्षीस देणगीतून पुस्तकांचे ठेवा. पहिल्या तीन गोष्टी सर्वांस मान्य झाल्या. चौथीवर चिटणिसांचे म्हणणे पडले की, रोख बक्षिसावाचून तरुण येणार नाहीत. दोन बैठका झाल्या. मंडळातील वृद्ध पुस्तकांच्या बाजूस आहेत, तरुण रोख रकमेच्या, आणि निर्णय पुढील बैठकीवर ठेवला आहे.